चर्चच्या दुरुस्तीचा बोजा शेतावर

इंग्लंडमधील खेड्यातले चर्च कोणाचे, असे विचारले तर 'सगळ्या गावाचे' हेच उत्तर मिळेल. छप्पर गळू लागले, की मात्र हाच प्रश्न वेगळ्या सुरात विचारला जातो. वॉरविकशायरमधील ॲस्टन कँटलो या लहानशा गावातून तो थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला.

शेक्सपिअरच्या आईवडिलांचा विवाह याच गावच्या चर्चमध्ये झाला, असे परंपरा सांगते. वाद होता तो चान्सेलचा, म्हणजे वेदी असलेल्या पूर्वेकडील भागाचा. मध्ययुगीन रिवाजानुसार चर्चच्या मुख्य दालनाची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चान्सेलची रेक्टरने. कारण धान्याचा दशांश आणि चर्चच्या जमिनीचे उत्पन्न त्याला मिळे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यानंतर असे अनेक हक्क खासगी व्यक्तींकडे गेले व त्यांच्यामागोमाग कर्तव्यही गेले. ॲस्टन कँटलोत १७४३ मध्ये जमिनींची फेरवाटणी झाली, तेव्हा दशांशाच्या बदल्यात दिलेल्या जमिनीवर हा बोजा चढला. दशांश पुढे इतिहासजमा झाला. बोजा तेवढा उरला.

१९९० च्या दशकात चर्चच्या परिषदेने या जमिनीच्या मालक दाम्पत्याकडे सुमारे ९५ हजार पौंडांची मागणी केली. २००१ मध्ये अपील न्यायालयाने दाम्पत्याच्या बाजूने कौल दिला. २००३ मध्ये लॉर्ड्सनी तो फिरवला. अशी परिषद मानवी हक्क कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक संस्था ठरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २००७ पर्यंत दुरुस्तीचा आकडा १ लाख ८६ हजार पौंडांवर गेला. त्यात न्यायालयीन खर्चाची भर पडली आणि अखेर शेत विकण्याची वेळ आली.

निकाल कायद्याला धरून होता. न्याय्य वाटावा असा नव्हता. वास्तू राष्ट्राचा वारसा म्हणून जपायची आणि बिल एकाच कुटुंबाच्या दारी धाडायचे, ही विसंगती संसदेनेच दूर करायला हवी होती. परिषदेला खलनायक ठरवणेही सोपे नाही. धर्मादाय विश्वस्त या नात्याने हक्काच्या पैशावर सहजासहजी पाणी सोडण्याची तिला मुभा नव्हती.

संसदेने मूळ दायित्व रद्द केले नाही, नोंदणीची मुदत तेवढी घातली. १३ ऑक्टोबर २०१३ पूर्वी बोजा नोंदवावा, अन्यथा नव्या खरेदीदाराला त्यातून मोकळीक मिळावी, असा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरावर बोजा नोंदवायचा की नाही, हा पेच गावोगावच्या परिषदांपुढे उभा राहिला. मुदत संपली, तरी घर घेताना वकील ही चौकशी करतात आणि ग्राहक त्यासाठी विमा उतरवतात.