तांबडी वाइन आणि सातिवलीची भूमी

नाशिकच्या वाइनची कीर्ती ऐकून 'तो वेल आपल्या वसई तालुक्यात का लावू नये?' असा प्रश्न सातिवलीकडील बागायतदार बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण मुंबईची बाजारपेठ नाशिकपेक्षा आपणांस जवळ आहे. तथापि मांडव, तारा, रोपे व औषधे यांवर घरची पुंजी घालण्यापूर्वी या पेयाचा गुण कोठून येतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

तांबड्या वाइनचा रंग द्राक्षाच्या रसात नसून सालीत असतो. म्हणून काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवितात व त्याबरोबर साल आणि बिया यांतील तुरटपणाही वाइनमध्ये उतरतो. जशी साल, तशी वाइन. आणि साल कशी व्हावी हे मुख्यतः हवा व जमीन ठरवितात. कारखान्यातील कुशल माणूस चांगले द्राक्ष बिघडू देणार नाही, परंतु फिक्या सालीतून गडद वाइन तोही काढू शकणार नाही.

नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतात आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी होते. त्यामुळे घड कोरड्या हिवाळ्यात पिकतात व जानेवारी ते मार्च या काळात तोडणीस येतात. दिवसाच्या उन्हाने साखर भरते. रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो व सालीस रंग चढतो. निचऱ्याची मुरमाड जमीन वेलाचा माज आवरते. शिराझ जातीच्या वाइनमध्ये पक्व काळ्या फळांचा गंध व मिरीची झाक येते. कॅबर्ने सोव्हिन्याँची वाइन अधिक तुरट असते. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावास २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो मान त्या भूमीचाही आहे.

आता सातिवली पाहा. तुंगारेश्वराच्या पायथ्याचा हा सखल प्रदेश आहे. वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हिवाळ्यातही हवेतील दमटपणा पुरता सरत नाही आणि रात्री पठारासारख्या थंड होत नाहीत. अशा हवेत केवडा व करपा बळावतात, फवारण्यांचा खर्च वाढतो, आणि एवढे करूनही सालीस हवा तसा रंग येत नाही.

कोणी म्हणेल, फ्रान्समधील बोर्डो प्रांतही समुद्राजवळच आहे. खरे आहे. मोरचूद व चुना यांचे जे बोर्डो मिश्रण आपण फवारतो, त्याचे नाव त्याच प्रांतावरून पडले. केवड्यावरील हा उपाय मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केला. परंतु तेथील हिवाळ्यात वेल पाने गाळून निद्रिस्त होतो व द्राक्षे शरदाच्या गारव्यात पिकतात. बोर्डोस थंडीचे साह्य आहे, नाशिकला कोरड्या हिवाळ्याचे. सातिवलीस दोन्ही नाहीत.

म्हणून हौसेखातर अंगणात एखादा वेल अवश्य चढवावा; परंतु कर्ज काढून एकरभर वाइन द्राक्षाची बाग लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाशिककरांपासून घ्यावयाचा धडा निराळा आहे: आपल्या हवेत जे उत्तम पिकते, तेच नावारूपास आणावे. वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्ध आहेत. आपल्याच जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळास भौगोलिक मानांकन लाभले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही जातही प्रसारित केली आहे. जांभळातही गर्द रंग व तुरटपणा आहे. त्याची काढणी पावसाच्या तोंडावर येते, म्हणून मजूर व विक्री यांची तजवीज आधीच करावी. त्यापासून विक्रीसाठी वाइन करावयाची झाल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, हेही ध्यानी ठेवावे.

सातिवलीत शेतजमीन आधीच गाळ्यांखाली जात आहे. उरलेला प्रत्येक गुंठा मोलाचा आहे. तो उसन्या कीर्तीपायी खर्ची घालू नये.