एकटीने सारनाथ: एका विटेचा मोह

काशीतला बालाजी घाट म्हणजे पेशव्यांची आठवण. उस्ताद बिस्मिल्ला खाँ इथल्याच बालाजी मंदिरात रियाज करायचे. पहाटे त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसले, मग वर रस्त्यावर येऊन रिक्षा केली आणि सुमारे १० किलोमीटरवरचं सारनाथ गाठलं. सोबत कुणी नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती.

बुद्धांनी पहिला उपदेश केला तो इथे. धामेक स्तूप आजही १०० फुटांहून उंच उभा आहे. जवळच्या धर्मराजिका स्तूपाचा मात्र गोल पायाच उरलाय. १७९४ मध्ये काशीच्या जगत सिंहांच्या माणसांनी बाजार बांधण्यासाठी त्याच्या विटा काढून नेल्या.

पायाशी विटेचा एक लहानसा तुकडा पडला होता. आठवण म्हणून पर्समध्ये टाकावा, असं वाटलं. एका तुकड्याने काय बिघडतंय? हातात घेतलाही. तेवढ्यात त्या रिकाम्या गोलाकडे पुन्हा नजर गेली आणि तुकडा होता तिथेच ठेवला.

मग शेजारच्या संग्रहालयात १९०४-०५ च्या उत्खननात सापडलेलं अशोकाचं सिंहशीर्ष पाहिलं. आपली राजमुद्रा यावरूनच घेतली आहे. ते इथेच राहिलं, म्हणून मला बघायला मिळालं.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. शुक्रवार टाळा, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. पाण्याची बाटली, टोपी जवळ ठेवा. आणि येताना आठवण म्हणून फोटो तेवढे आणा.