आधी ट्रायल, मग इंडेंट

न्यू टाउन, कोलकाता. खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५



मागचा लेख पहाडातून लिहिला होता, हा शहरातून. क्वार्टरची वाट बघत बसण्यापेक्षा न्यू टाउनमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला आणि बऱ्याच वर्षांनी चौघं एका छताखाली आलो. कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग झालंय आणि त्याच्या एका दरवाजाला शिवाजी महाराजांचं नाव दिलंय. गावी फोनवर म्हटलं, "विजय दुर्गात जाऊन आलो," तर आत्याला वाटलं बदली सिंधुदुर्गात झाली. म्हणाली, "मग गणपतीला का नाही आलास?"

सध्या इथे पूजा चालू आहे. २३ सप्टेंबरच्या पावसाने सारं शहर पाण्यात होतं, पण आठवड्याच्या आत मंडप पुन्हा उभे राहिले. आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर काश गवत फुललंय आणि पोरं-पोरी नवे कपडे घालून तिथे फोटो काढतायत. आमचे चिरंजीव मात्र घरात वहीवर रेघा मारत बसलेले. आठवीत आहे. मला वाटलं, गणित असेल. बघतो तर तक्ता! खाली न उतरता खेळायच्या यंत्रांचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमिंग कन्सोलचा.

तक्ता असा. पहिल्या रकान्यात 'आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय', असूस आणि मायक्रोसॉफ्ट मिळून काढतायत ते. दुसऱ्यात त्याचाच थोरला भाऊ 'अ‍ॅलाय एक्स'. ही दोन्ही १६ ऑक्टोबरला येणार. तिसऱ्यात लेनोवोचं 'लीजन गो २', तेही याच महिन्यात. शेवटच्या रकान्यात तुलनेसाठी निन्टेंडोचं 'स्विच २', जे ५ जूनला आलं आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर खपलं. पडदा, प्रोसेसर, मेमरी, वजन, बॅटरी, किंमत, सगळं आखून लिहिलेलं. त्याच्या वर्गमित्राचे वडील इथल्याच आयटी कंपनीत आहेत. त्यांनी अमेरिकेतल्या भावाकडून एक नग आगाऊ सांगून ठेवलाय. "पप्पा, आपण पण बुक करू या. नंतर मिळणार नाही."

मी त्याला रागावलो नाही. वही मागून घेतली आणि रात्री जेवण झाल्यावर वाचली. खरं सांगतो, पोराने कागद चांगला केला होता. आपल्याकडे नवीन साहित्य घ्यायचं तर आधी गरज कागदावर मांडतात आणि मग ट्रायल होते, वाळवंटात वेगळी, पहाडात वेगळी. कागदावर पास झालेलं बरंच काही वाळूत आणि बर्फात नापास होतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय. या तक्त्यात पहिला भाग होता, दुसरा नव्हता. तो असणारही कसा? यंत्रं अजून बाजारातच आलेली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाजारात न आलेल्या यंत्रांची तुलना जरूर करावी, पण त्या तुलनेवर पैसे लावू नयेत. आणि तुलना करायचीच तर कंपनीने दिलेल्या रकान्यांवर न करता आपल्या गरजेच्या रकान्यांवर करावी.

आधी वजन बघा. स्विच २ दोन्ही बाजूंच्या कंट्रोलरसकट साधारण ५३४ ग्रॅम. अ‍ॅलाय ६७०, अ‍ॅलाय एक्स ७१५. लीजन गो २ सुमारे ९२० ग्रॅम. जवळजवळ भरलेली एक लिटरची पाण्याची बाटली. ती दोन्ही हातांत छातीसमोर धरून अर्धा तास बसून बघा. ८.८ इंचांचा सुंदर ओलेड पडदा त्याच वजनातून येतो, हे खरं. पण रायफल हातात धरून उभं राहिलेल्या माणसाला ग्रॅमचा हिशेब वेगळा सांगायला नको.

मग बॅटरी. मी सिग्नलचा माणूस, त्यामुळे इथे जरा थांबतो. तक्त्यात अ‍ॅलाय ६० वॉट-अवर, अ‍ॅलाय एक्स ८० आणि लीजन गो २ ७४ असे आकडे आहेत. पोराने ८० च्या भोवती गोल केला होता. मी त्याला विचारलं, "यंत्र खातं किती?" वॉट-अवरला वॉटने भागलं की तास निघतात. जड गेम चालू असताना सगळं मिळून ३० वॉट ओढले, तर ८० ची बॅटरी पावणेतीन तासांच्या आत संपते आणि ६० ची दोन तासांत. हलका गेम १५ वॉटवर चालला तर हेच आकडे दुप्पट होतात. म्हणजे नुसता बॅटरीचा आकडा काही सांगत नाही. कोणता गेम, किती उजेड, किती आवाज, यावर तास ठरतात आणि ते वापरणाराच सांगू शकतो. थंडीत तर विचारूच नका. पहाडात रेडिओ सेटची बॅटरी अंगाशी घेऊन झोपलोय आम्ही, सकाळी सेट लागावा म्हणून.

तिसरी गोष्ट तक्त्यात नव्हतीच. या तिन्ही नव्या यंत्रांच्या पोटात विंडोज आहे आणि एएमडीच्या एकाच घराण्यातले प्रोसेसर आहेत. म्हणजे ही खेळण्याच्या आकाराची काँप्युटरंच. त्याचा फायदा मोठा आहे. स्टीमवर घेतलेला गेमही चालतो आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलाही. पण अ‍ॅलायवर एक्सबॉक्सचं चिन्ह आहे म्हणून टीव्हीला जोडायच्या एक्सबॉक्सचा प्रत्येक गेम त्यावर चालेल असं नाही. ज्याची काँप्युटरवर चालणारी आवृत्ती आहे तोच यंत्रावर चालणार, बाकीचे इंटरनेटवरून प्रवाहित होऊन. बिल्ल्यावरून माणसाची युनिट कळते, पण त्याला काम येतं की नाही ते बिल्ला सांगत नाही.

फौजी घरासाठी माझ्या मते इथेच खरी कसोटी आहे. नेट नसताना यंत्र काय करतं? आज न्यू टाउनमध्ये फायबर आहे, उद्या कुठे असू सांगता येत नाही. वर्गणीवर घेतलेले गेम अधूनमधून नेटवर जाऊन परवानगी ताजी करून मागतात. विकत घेऊन उतरवून ठेवलेला गेम बहुधा बिननेटचा चालतो, पण सगळेच नाहीत. स्विच २ मध्येही मेख आहे. त्याची काही कार्डं नुसती किल्ली असतात. गेम आधी नेटवरून उतरवावा लागतो, आणि नंतर खेळताना ते कार्ड यंत्रात लागतंच. पोराला म्हटलं, वहीत एक रकाना वाढव, 'नेट नसताना'. त्याने वाढवला. चारही घरं रिकामी राहिली, कारण ती भरायला यंत्र हातात लागतं.

कागदावरची तुलना किती फसवते याचं जुनं उदाहरण सांगतो. १९८९ साली निन्टेंडोचा गेम बॉय आला, मंद हिरवट पडदा आणि राखाडीच्या चार छटा. समोर अटारीचं लिंक्स आणि पुढच्या वर्षी सेगाचं गेम गिअर, दोन्ही रंगीत, दोन्हींचा पडदा आतून उजळणारा. तक्ता मांडला असता तर गेम बॉय शेवटचा आला असता. पण रंगीतवाल्यांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा, आणि एक वायर जोडली की दोघांना समोरासमोर खेळता यायचं. जिंकला तोच. आखाती युद्धात एका अमेरिकन सैनिकाचा गेम बॉय बॅरेकवर झालेल्या बाँबहल्ल्यात जळाला. वितळलेल्या प्लॅस्टिकचा तो डबा निन्टेंडोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात अनेक वर्षं काचेत ठेवलेला होता, पडदा चालू. असली ट्रायल कुठल्या तक्त्यात बसत नाही.

२००४ ला पुन्हा तेच. सोनीचं पीएसपी आणि निन्टेंडोचं डीएस तीन आठवड्यांच्या फरकाने बाजारात आलं. पीएसपीचा पडदा मोठा, ताकद जास्त, त्यावर सिनेमाही बघता यायचा. डीएस म्हणजे दोन लहान पडदे आणि एक काडी. शेवटी डीएस १५ कोटींवर खपलं, पीएसपी आठ कोटींच्या आसपास. पीएसपी वाईट नव्हतं. फक्त लोकांना काय आवडेल ते आकड्यांच्या रकान्यात मावलं नव्हतं.

आता पैशांचं. अ‍ॅलाय अमेरिकेत ६०० डॉलर, अ‍ॅलाय एक्स १,००० आणि लीजन गो २ १,०५० पासून पुढे. आजच्या भावाने थोरल्या दोघांचे ९० हजारांच्या आसपास होतात, कर वेगळा. माझ्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगारापेक्षा हे जास्त आहे. परदेशातून मागवलेल्या नगाला इथे वॉरंटी मिळेल याचा भरवसा नाही. निन्टेंडो तर भारतात अधिकृतपणे विकतच नाही, दुकानदार बाहेरून आणून देतात. चांदनी चौकातले कारागीर काहीही उघडून दुरुस्त करतात हे मान्य, पण नव्या यंत्राचे सुटे भाग त्यांनी आणायचे कुठून?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'थांबलं की स्वस्त मिळतं' हा आपला जुना हिशेब यंदा चुकला आहे. अमेरिकेत एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, इतकंच काय जुन्या स्विचचीही किंमत याच वर्षी वाढली. त्यामुळे बुकिंगची घाई करणारे सगळे मूर्ख आहेत असं मी म्हणणार नाही. कुणीतरी पहिला घेतो म्हणून बाकीच्यांना कळतं. आपल्याकडेही ट्रायलला कुठली तरी युनिट पुढे व्हावीच लागते. पण ज्याच्या घरात ९० हजार ही एकदाच उचलायची रक्कम आहे, त्याने ट्रायल युनिट होऊ नये. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, चुकीचं यंत्र घरात नको.

हे सगळं पोराला समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग वही उलटी करून मागचं पान दाखवलं. तिथे आणखी एक रकाना पेन्सिलने लिहून खोडलेला होता, 'दोघांना खेळता येतं का'. स्विच २ समोर होय, कारण त्याचे दोन्ही कंट्रोलर सुटे करून दोघांच्या हातात देता येतात. बाकीच्यांसमोर 'वेगळा कंट्रोलर घ्यावा लागेल'.

"हा का खोडलास?"

"तुम्ही फेब्रुवारीत फील्डला जाणार ना पप्पा. मग दोघं कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. गेल्या तीन रजांमध्ये मी किती तास झोपलो आणि किती तास बँकेत, तहसीलदार कचेरीत आणि पाहुण्यांकडे घालवले, ते मला माहीत आहे. त्याच्याबरोबर खेळलो ते लुडो, तेही फोनवर, एकदाच.

दुसऱ्या दिवशी मी तो रकाना पेनने पुन्हा लिहिला आणि सगळ्यात वर घेतला. आमच्या घरची गरज तीच आहे, आणि ती कळायला १६ ऑक्टोबरची वाट बघायची गरज नव्हती. त्या एका रकान्याने तीन यंत्रं मागे पडली. जुना स्विच, चांगल्या अवस्थेतला, वापरलेला, हाही विचारात आला. त्याचे कंट्रोलरही सुटे होतात आणि तो निम्म्याहून कमी पैशांत मिळेल. पोराचं तोंड जरा उतरलं. मित्राकडे नवं येणार आणि आपल्याकडे वापरलेलं, हे तेराव्या वर्षी पचायला जड जातं. म्हणून आमचा करार असा झाला. दिवाळीपर्यंत काही घ्यायचं नाही. मित्राचं यंत्र आलं की जाऊन खेळून यायचं, घड्याळ लावून बॅटरी मोजायची, नेट बंद करून बघायचं आणि रिकामी घरं भरायची. नोव्हेंबरअखेर निर्णय. फेब्रुवारीच्या आत घरी दोघांनी खेळून झालं पाहिजे, ही अट त्याची.

आज सकाळी घरी खंडेनवमीची पूजा केली. पाटावर विळी, सौ.ची शिवणाची कात्री, माझा स्क्रूड्रायव्हरचा संच आणि जुना मल्टीमीटर मांडला. पोराला अ‍ॅलायचं छापलेलं चित्र ठेवायचं होतं. सौ. म्हणाली, "जे अजून हाताला लागलं नाही त्याची पूजा कसली? कंपास पेटी आण." त्याने आणली, कुरकुरत.

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या मुला-नातवाने यातलं एखादं घेतलं, तर महिनाभर वापरून झाल्यावर मला जरूर लिहा. पडद्याचं कौतुक नको. नेट नसताना किती तास चालतं आणि शेजारी बसून दुसऱ्याला खेळता येतं का, एवढंच कळवा. वहीत जागा ठेवली आहे.

जय हिंद.