तिचं होऊ दे

‘यूट्यूबवर आहे की सगळं. त्यासाठी सांगलीपर्यंत कशाला जायचं?’

शनिवारी दुपारी गाडीत डबे ठेवत होतो, तेव्हा शेजारच्या काकांनी सहज विचारलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी मला राग आला आणि आठवडा उलटला तरी तो गेलेला नाही. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून आजचं सदर.

आधी घडलं ते सांगते. एका फिरत्या नाटक मंडळीनं सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग लावला होता. कोल्हापूरला त्यांची तारीख नव्हती. असणार तरी कशी? 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं आणि 1915 साली सुरू झालेलं ते पॅलेस थिएटर. त्याचं छत, रंगमंच आणि खुर्च्या एका रात्रीत गेल्या. म्हणून दादा, वहिनी, पुण्याहून आलेला भाचा, माझी आठवीतली लेक, मी आणि आत्ती असे सहा जण पन्नास किलोमीटरवर नाटकाला निघालो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एकोणऐंशी, गुडघे दोन्ही दुखरे. पण नाटक म्हटलं की दुपारी चारलाच इरकल नेसून तयार. थिएटरचं नाव 1957 साली बदललं, तरी तिच्या तोंडी अजून ‘पॅलेस थेटर’च आहे. तिच्या लहानपणी आजोबा मंगळवार पेठेतून सगळ्या घराला चालत खासबागेकडं न्यायचे. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर पडायचे. परत निघेपर्यंत रंकाळ्याकडून गार वारं सुटलेलं असायचं. ती धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, कडेवर घेऊन यायची. हे सगळं ती हातकणंगल्यापर्यंत सांगत होती, आणि आम्ही पन्नासाव्यांदा ऐकत होतो, कारण ते ऐकल्याशिवाय नाटकाला गेल्यासारखं वाटत नाही.

आग लागली त्या रात्री आम्ही सगळे रस्त्यावर होतो. अर्धं कोल्हापूर तिथं होतं. खासबागेच्या बाजूनं आगीचे लोळ दिसत होते आणि माणसं नुसती उभी होती. ज्यांनी आयुष्यात एकही नाटक बघितलं नसेल, तीही रडत होती. आत्तीला आम्ही सांगितलंच नव्हतं. सकाळी तिनं पेपर उघडला, चष्मा काढून ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी तिनं एवढंच विचारलं, ‘भिंती हाईत का?’ दगडी भिंती उभ्या होत्या. ‘मग हुईल,’ असं म्हणून ती भाजी निवडायला बसली.

हे असं होतं. मी लिहायला बसले शेजारच्या काकांवर, आणि आत्तीच मध्ये येते.

तर ‘शारदा’. नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे. 1899 साली किर्लोस्कर मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. जरठ-कुमारी विवाहाचा विषय. कांचनभट पैशासाठी पोटची पोर शारदा म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. नाटक आलं आणि त्यानंतर तीस वर्षांनी, 1929 साली, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्यात मुलीच्या लग्नाचं वय होतं फक्त चौदा. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. शारदेशी त्या नावाचा संबंध नाही, पण आत्तीच्या मनात दोन्ही नावं कायमची एकत्र बसली आहेत. मी ती कधी सोडवायला गेले नाही. आणि आपले केशवराव पोरवयात पहिल्यांदा नावारूपाला आले, तेही शारदेच्याच भूमिकेत. त्यांनी 1908 साली हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं आणि 4 ऑक्टोबरला ते गेले. वय अवघं एकतीस. त्यांच्या गावातली माणसं त्यांची शारदा बघायला दुसऱ्या गावाला निघाली होती, हे मला अंकलीच्या पुलावर फार जाणवलं.

प्रयोग चांगला होता. शारदा झालेली मुलगी विशीतली असेल. आवाज कोवळा, पण सुराला पक्का. ऑर्गन खरा होता, तबलजी समजूतदार. देवलांनी लिहिलेल्या पदांपैकी निम्मीही ठेवली नव्हती, याचं मला वाईट वाटलं. प्रेक्षक तीन तासांच्या वर बसत नाहीत म्हणून पदं कापायची, हे सगळेच करतात. पण गद्य भाग ठेवून पदं काढली, तर नाटकातला जीवच काढल्यासारखं होतं. तेवढं सोडलं तर मला तक्रार नव्हती.

मग एका प्रवेशात, शारदा एकटी पडलेली असताना तिनं पद उचललं. अंतऱ्यावर आली, आणि आमच्या पुढच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला. वाजला तो वाजला, त्या गृहस्थांनी तो घेतला! ‘नाटकात आहे, नंतर करतो’ एवढं सांगायला त्यांनी पुरं अर्धं मिनिट घेतलं. मुलगी गात राहिली. पण सभागृहातली ती ताणलेली शांतता जी गेली, ती त्या पदापुरती परत आली नाही. कडव्याच्या शेवटी आत्ती तिच्या त्या बारीक, कापऱ्या आवाजात ओरडली, ‘वन्स मोअर!’ मागून दोघा-तिघांनी उचलून धरलं. ऑर्गनवाल्यानं मान वर करून बघितलं, हसला आणि पुन्हा सूर धरला. मुलीनं ते पद पहिल्यापासून म्हटलं. या वेळी कुणी हललं नाही.

मध्यंतरात वडा आणि चहा घेऊन आम्ही पायरीवर बसलो. लेक गप्प होती, मग एकदम चिडली. शारदा तिच्याच वयाची ना. ‘आज्जी, ती बापाला तोंडावर का सांगत नाही? नुसती गातेच काय? भांडायचं की!’

माझ्याकडं त्याचं पुस्तकी उत्तर तयार होतं. त्या काळची परिस्थिती, संगीत नाटकाची रीत वगैरे. आत्तीनं मला बोलूच दिलं नाही.

‘बोलली असती तर कुणी ऐकलं असतं व्हय गं?’ ती म्हणाली. ‘पोरगी बोलाय लागली की बाप तोडतोय, भाऊ तोडतोय, आईसुद्धा गप बस म्हणतीया. गाणं म्हणाय लागल्यावर मधनं कुणी तोडत नाही. समद्यांनी शेवटापतोर ऐकायचं. आणि आवडलं तर पुन्यांदा म्हण, म्हणायचं.’

लेकीनं वडा हातात तसाच धरून ठेवला. मीही. एवढी वर्षं मी संगीत नाटकं बघते, त्यांच्यावर लिहिते. पण एकोणिसाव्या शतकातल्या घरात जिला एक वाक्य पुरं बोलता आलं नसतं, तिला देवलांनी हजार माणसांसमोर पुरी पाच मिनिटं दिली, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आत्तीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. तिला कुणी विचारलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. त्या पायरीवरही विचारलं नाही.

शेजारच्या काकांना मला हेच सांगायचं होतं, आणि ते मला सांगलीला गेल्यावर कळलं. यूट्यूबवर पदं आहेत, मी स्वतः ऐकते. पण तिथं बोट आपलं असतं. कंटाळा आला की पुढं सरकवता येतं, मध्येच फरसाणाची जाहिरात येते. नाट्यगृहात बोट चालत नाही. सहाशे अनोळखी माणसं अंधारात एका मुलीचं पुरं ऐकून घेतात. आपल्या गावात ही एक जागा होती आणि ती जळाली. ती पुन्हा उभी करताना रंग, खुर्च्या, वातानुकूलन यांची चर्चा होईल, होऊ दे. मला एवढंच हवं आहे की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला रंगमंचावरचं पद माईकशिवाय ऐकू यावं, जसं आत्तीला आजोबांच्या शेजारी बसून ऐकू यायचं.

निघायला साडेबारा झाले. जयसिंगपूरला एक टपरी उघडी होती, तिथं चहा घेतला आणि भडंगाचा पुडा. गाडी पुन्हा सुरू झाली, तशी लेक मागच्या सीटवर गुणगुणायला लागली. तेच पद. शब्द अर्धे चुकत होते, सूरही जागेवर नव्हता. भाचा पुढून वळला, ‘अगं, ते असं नाहीय’ म्हणून दुरुस्त करायला लागला.

आत्तीनं अंधारातच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘थांब जरा,’ ती म्हणाली. ‘तिचं होऊ दे.’