शिष्यवृत्ती मिळाली, पुढे?

केशोरी या गावाची ओळख तिखट मिरचीची. इथल्या एखाद्या मुलीने परदेशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरवलं, तर अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडं सारं मिळतं. नोकरीच्या वाटेबद्दल मात्र तिला सांगणार कोण?

अमेरिकेत पदवीनंतर कामाच्या अनुभवासाठी 12 महिने मिळतात, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी 24. पण त्या पहिल्या 12 महिन्यांत बेकारीचे 90 दिवस ओलांडले की परवान्यावरच गदा. म्हणून विद्यापीठाच्या करिअर केंद्राची पायरी पहिल्याच सत्रात चढायची, आपल्या क्षेत्रातले माजी विद्यार्थी गाठायचे. मुंबई-पुण्याच्या घरांत हे जेवताजेवता कानावर पडतं.

1913 मध्ये बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना कोलंबियाला धाडलं, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची सेवा करायची, असा करार होता. (परतल्यावर बडोद्यात त्यांना राहायला जागाही मिळू दिली नाही, ही त्याची दुसरी बाजू.) आजच्या योजनेत पुढचा रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. राजू केंद्रे यांच्या ‘एकलव्य’सारख्या संस्था पहिल्या पिढीच्या मुलांना हात देतात, पण सगळा भार त्यांच्यावर का? समाजकल्याण खात्याने निवडपत्रासोबत, संमती देणाऱ्या जुन्या शिष्यवृत्तीधारकांची क्षेत्रवार यादी जोडावी. त्याला वेगळी तरतूद लागत नाही.