मास्तरला मोबाईल येतो. त्याला वेळ द्या.

“झेडपीच्या मास्तरांना टेक्नॉलॉजी येत नाही” हे ऐकून कान किटलेत. आणि बोलतं कोण? ज्यांचे निम्मे अहवाल आम्ही मोबाईलवर भरून देतो, तेच साहेब लोक! म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायची कल्पना मंत्रालयात सुचली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी करून दाखवलं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये हजारो शिक्षक स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर ऑनलाईन शिकवायला शिकले. शिकायची इच्छा नाही असं कुणी म्हणू नये.

माझंच सांगतो. मी चौथीच्या पोरांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि त्यांनाच ऐकवतो. बस्स, एवढंच. ना स्मार्ट बोर्ड, ना ॲप. ही युक्ती शेजारच्या शाळेतल्या बाईंनी मला शिक्षण परिषदेत चहा पिता पिता सांगितली. पोरगं स्वतःचा आवाज ऐकतं आणि कुठं अडखळलं ते आपणहून बोट ठेवून दाखवतं. महिन्याभराची रेकॉर्डिंग ओळीने ऐकली की मलाही नेमकं कळतं. एकाला रफार जमत नाही, एक पूर्णविरामाला थांबत नाही, एक फाडफाड वाचतो पण अर्थ विचारला की गप्प. मग माझा दुसऱ्या दिवशीचा तास बदलतो. मास्तर मोठा होतो तो असा.

आता सरकारी प्रशिक्षण बघा. ग्रुपवर लिंक येते. व्हिडिओ चालू ठेवा, शेवटचे प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र डाउनलोड करा, स्क्रीनशॉट टाका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास शिकावं असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण तास मोजले जातात. वर्गात काय बदललं हे कुणीच विचारत नाही.

कुणी म्हणेल, पगार घेता तर माहिती द्यायला काय होतं? देतो की! पण पटसंख्या यू-डायसवर भरली, सरलवर भरली, तरी भर तासाला मेसेज येतो: “एक्सेलमध्ये तातडीने पाठवा.” शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. लिंक भरणं मात्र कुणी ‘काम’ धरतच नाही. त्या वेळात वर्गातली पोरं बसलेली असतात, आणि ज्या फोनवर त्यांचं वाचन ऐकायचं त्याच फोनवर मी रकाने भरत असतो.

मागण्या तीनच आहेत. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागू नका. शिक्षण परिषदेतला निम्मा वेळ सूचना वाचण्यात न घालवता शिक्षकांनी एकमेकांना आपापला वर्ग दाखवण्यासाठी ठेवा. आणि शाळेचं वीजबिल, इंटरनेट मास्तरच्या खिशावर किंवा गावच्या वर्गणीवर सोडू नका. लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर विजेशिवाय कपाटातच राहणार.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तुमची माणसं आहेत. पुढच्या बैठकीत “शाळा डिजिटल झाली का?” हे विचारू नका. “गेल्या महिन्यात गुरुजींचे किती तास लिंक भरण्यात गेले?” हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्या बोलण्याला वर किंमत नाही. तुमच्या सह्यांना आहे.