गोवंडीच्या दाराशी आधी बस आणा!

मुंबई शहराने देवनार-गोवंडीच्या दिशेने पहिली आगगाडी नेली ती माणसांसाठी नव्हे, कचऱ्यासाठी! कुर्ल्याहून चेंबूरकडे १९०६ साली रूळ टाकण्यात आले, त्यांवरून शहराची घाण वाहून नेणाऱ्या गाड्या धावू लागल्या, आणि त्याच रुळांवरून प्रवास करण्याचा मान माणसांना मिळावयास १९२४ साल उजाडावे लागले. अठरा वर्षे कचरा पुढे आणि माणूस मागे, असा हा क्रम होता. त्यानंतर शतक लोटले. मुंबईत समुद्रावरून पूल गेले, जमिनीच्या पोटातून गाड्या धावू लागल्या. परंतु शहराच्या या पूर्व टोकाला राहणारा माणूस आजही रांगेत मागेच उभा आहे. त्याला रेल्वे द्यावी की बस, असा वाद तज्ज्ञांच्या बैठकीत आणि राजकीय व्यासपीठांवर रंगतो. हा वाद ज्या रीतीने घातला जातो तीच रीत आम्हास मान्य नाही.

ही वस्ती कोणाची, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. महापालिकेच्या एम-पूर्व प्रभागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ लाखांहून अधिक लोक राहतात. महाराष्ट्रातील कित्येक जिल्ह्यांच्या मुख्य शहरांची वस्ती याहून कमी आहे. २००९ सालच्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील साऱ्या प्रभागांत हा प्रभाग अगदी तळाशी होता. शिवाजीनगर आणि बैंगनवाडी या वसाहती देवनारच्या कचराभूमीच्या कुशीत वाढल्या. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका आणि माहूल येथील उंच इमारतींत तर शहराने जाणूनबुजून माणसे आणून बसविली. यांतील हजारो कुटुंबे अशी आहेत, की रेल्वेचे रूळ मोकळे व्हावेत, रस्ते रुंद व्हावेत, म्हणून त्यांची जुनी घरे हटविण्यात आली. साऱ्या मुंबईच्या प्रवासाची सोय व्हावी म्हणून ज्यांनी आपला उंबरठा सोडला, त्यांच्याच नशिबी प्रवासाची अशी दैना यावी, हा दैवाचा खेळ नव्हे. हा नियोजनाचा हिशेब आहे, आणि तो हिशेब चुकला आहे.

या प्रभागासाठी शासनाने काहीच केले नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ केले, पण ते बहुतेक लोकांच्या डोक्यावरून गेले. २०१३ साली पूर्व मुक्तमार्ग खुला झाला आणि दक्षिण मुंबईतील मोटारवाल्यांचा तास-दीड तास वाचला. ज्याच्यापाशी मोटार नाही त्याला तो मार्ग खालून पाहण्यापुरता. २०२१ साली घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर उड्डाणपूल झाला. तो शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या नाक्यांवरून झेप घेऊन पलीकडे उतरतो, आणि त्याच्या सावलीत खालचा नाका पूर्वीइतकाच कोंडलेला राहतो.

आणि मोनोरेल! फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा ही देशातील पहिली आधुनिक मोनोरेल सुरू झाली, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! चेंबूरहून निघून खतांचे कारखाने आणि तेलशुद्धीकरणाच्या टाक्या यांच्या मधून ती वडाळ्यास जात असे. माणसांच्या दाट वस्तीपेक्षा कारखान्यांच्या कुंपणांचीच तिला अधिक ओढ. गोवंडीच्या अलीकडेच, चेंबूरला, तिची हद्द संपली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचे दोन डबे जळाले आणि दहा महिने ती बंद राहिली. मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली, तरीही प्रवाशांची संख्या मूळ अपेक्षेच्या जवळपास फिरकली नाही. पुढे १९ ऑगस्ट २०२५ रोजी अतिवृष्टीने हार्बर मार्ग बंद पडला, अडलेली गर्दी प्रथमच मोनोरेलकडे वळली, आणि ती मैसूर कॉलनीपाशी अधांतरी अडकली. अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेंहून अधिक प्रवासी उतरविले. गाडीची क्षमता १०४ टनांची होती आणि भार १०९ टनांचा झाला, असा खुलासा प्राधिकरणाने केला. म्हणजे आयुष्यात एकदा गर्दी झाली, तीच तिला पेलवली नाही! २० सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसविण्यासाठी ती थांबविण्यात आली. अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांची ही कहाणी आहे.

मोनोरेलच्या या फजितीवरून कोणी रेल्वेलाच नावे ठेवू लागला, तर मात्र आम्ही त्याच्या पंक्तीस बसणार नाही. हार्बर मार्ग ही या भागाची धमनी आहे. बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी जेवढी माणसे एका फेरीत नेते, तेवढी नेण्यास रस्त्यावर पन्नासांहून अधिक बस लागतील. कुर्ला, वडाळा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा खाडीपलीकडील वाशी-पनवेल या लांबच्या पल्ल्यांसाठी रेल्वेला पर्याय नाही, आणि असा पर्याय शोधणे हा वेळेचा अपव्यय होय. डी. एन. नगर ते मंडाळे या २३.६ किलोमीटरच्या मेट्रोचे आम्ही स्वागतच करतो. मुंबईचा एखादा मोठा प्रकल्प मानखुर्दच्या टोकापासून उलट सुरू व्हावा आणि मंडाळे ते डायमंड गार्डन हाच त्याचा पहिला टप्पा ठरावा, यात एक न्यायही आहे.

परंतु लोकल असो वा मेट्रो, ती मनुष्याला स्थानकापासून स्थानकापर्यंत नेते. घरापासून स्थानकापर्यंत कोण नेणार? बैंगनवाडीच्या आतल्या गल्लीतून गोवंडी स्थानक दीड-दोन किलोमीटर दूर. वाशी नाक्याहून चेंबूर त्याहूनही दूर. माहूलचे तर विचारूच नका. पहाटे अंधार असताना चेंबूरच्या किंवा वाशीच्या घरांत धुणीभांडी करण्यास निघालेली बाई, देवनारच्या कत्तलखान्यात कामास जाणारा मजूर, सकाळच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी, शताब्दी रुग्णालयातून शीवच्या रुग्णालयात धाडलेल्या रोग्याचे नातेवाईक, या सर्वांची अडचण लोकलमध्ये चढण्याआधीच सुरू होते. बस वेळेवर आली नाही की शेअर रिक्षा, रिक्षा परवडत नसेल तर पायपीट. पावसाळ्यात त्या रस्त्यांची काय अवस्था असते, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी पाहिले असेल त्यांना सांगणे नको. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी एकदा अवश्य पाहावे.

पैशाचाही विचार करावा. बेस्टचे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये पाच रुपये करण्यात आले, तेव्हा त्या निर्णयाचा सर्वांत मोठा लाभ अशाच वस्त्यांना झाला. ९ मे २०२५ पासून ते दहा रुपये झाले. महिन्याचे सव्वीस दिवस कामास जाणाऱ्या बाईला स्थानकापर्यंतच्या जाण्यायेण्याचे सुटे तिकीट काढून पूर्वी २६० रुपये पडत, ते आता ५२० पडतात. घरात अशी दोन माणसे असली की हजार रुपये गेले, आणि रेल्वेचे भाडे अद्याप द्यावयाचेच आहे! मोठ्या पगारदारांना ही रक्कम क्षुल्लक वाटेल. ज्या घरात महिन्याचा शिधा मोजून भरला जातो तेथे नाही.

आता खर्चाची तुलना. वर सांगितलेल्या मेट्रोचा मंजूर खर्च जवळजवळ अकरा हजार कोटी रुपये. म्हणजे दर किलोमीटरला साडेचारशे कोटींहून अधिक. एका मोठ्या विद्युत् बसची किंमत सढळ हाताने दोन कोटी रुपये धरली, तरी मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात सव्वादोनशे बस उभ्या राहतात. ही तुलना संपूर्ण नाही, हे आम्ही जाणतो. बस बारा-पंधरा वर्षांत मोडीत निघते, तिला चालक, वाहक आणि आगार लागते. रूळ पिढ्यानपिढ्या टिकतात. तथापि काळाचाही एक हिशेब असतो. मेट्रोची मार्गिका कागदावरून रुळावर यावयास दहा वर्षे जातात. तेवढ्यात आठवीतील मुलगी पदवीधर व्हावयाची, किंवा रोजची पायपीट नको म्हणून घरी बसावयाची. बस मात्र मनात आणले तर सहा महिन्यांत येऊ शकते.

मग गोवंडीकर बसची मागणी करण्याऐवजी मेट्रोच्या खांबांकडे डोळे लावून का बसतो? तो भपक्याला भुलला, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याचा बसवर विश्वास उरलेला नाही, आणि तो न उरण्यास सबळ कारण आहे. रूळ एकदा टाकले की ते उखडताना सारा गाव पाहतो. बसचा मार्ग मात्र कचेरीतील एका परिपत्रकाने एका रात्रीत नाहीसा होतो. आज दहा मिनिटांनी येणारी बस उद्या पंचवीस मिनिटांनी येते, आणि त्याची कोणी दोन ओळींची बातमीही देत नाही. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. २०१९ साली कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम राखण्याचे मान्य करण्यात आले होते. २०२५ साली भाड्याच्या गाड्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांच्या खाली आला आणि स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर उतरल्या! भाड्याने गाड्या पुरविणाऱ्या कंत्राटदारांपैकी काहींनी मध्येच हात वर केले. विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून काढण्याची जुनी सोय होती, तीही बंद झाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा खरा प्रश्न रेल्वे की बस हा नसून, बसला रेल्वेइतका पक्का शब्द कोण देणार, हा आहे. आमचे म्हणणे असे, की महापालिकेच्या सभागृहाने एम-पूर्व प्रभागासाठी किमान बससेवेचा ठराव करावा. शिवाजीनगर, बैंगनवाडी, लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका आणि माहूल येथून गोवंडी, मानखुर्द व चेंबूर स्थानकांकडे गर्दीच्या वेळी दर पाच मिनिटांनी बस सुटावी. पहिल्या लोकलच्या आधी पहिली बस आणि शेवटच्या लोकलच्या नंतर शेवटची बस असावी. हा ठराव सभागृहाच्या जाहीर चर्चेवाचून बदलता येऊ नये. या गाड्या बेस्टच्या स्वतःच्या आणि चालक-वाहकही बेस्टचेच असावेत. बस व रेल्वे मिळून एकच पास असावा आणि त्याची किंमत आजच्या दोन वेगळ्या पासांहून कमी असावी. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाच्या आराखड्यात जिन्याच्या पायथ्याशी बसथांबा दाखविल्याशिवाय त्यास मंजुरी मिळू नये. ही शेवटची गोष्ट इतकी साधी आहे, की ती अग्रलेखात लिहावी लागते याचेच आम्हास वाईट वाटते.

रस्ते अगोदरच तुंबलेले असता या बस धावणार कोठून, असा आक्षेप येईल. उत्तर सोपे आहे, अमलात आणणे कठीण. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर मोटारींसाठी उड्डाणपूल बांधून झाला आहेच. मग त्याच्याखालील रस्त्याची एक पट्टी बससाठी राखण्यास कोणती हरकत? शीव-तुर्भे मार्गावरही तेच करता येईल. पुण्याने २००६ साली बससाठी वेगळी मार्गिका आखली, पण तिच्यात शिरणाऱ्या मोटारींना आवरण्याचे धैर्य दाखविले नाही, आणि पुढे नगर रस्त्यावरील मार्गिका उखडूनच टाकली. अहमदाबादेने २००९ साली तोच प्रयोग अधिक नेटाने केला. फरक डांबरात नव्हता. मोटारवाल्याला ‘येथे येऊ नकोस’ असे सांगण्याची महापालिकेची तयारी आहे की नाही, एवढाच तो फरक होता. भर पावसात सत्तर माणसे घेऊन उभी असलेली बस आणि एकच माणूस घेऊन उभी असलेली मोटार यांना एकच न्याय लावणे, याला समता म्हणावयाचे काय?

राहता राहिला पैसा. मेट्रो आणि मुक्तमार्गांवर होणारा खर्च ‘गुंतवणूक’ म्हणून मोजला जातो आणि बसवर होणारा खर्च मात्र ‘तोटा’ म्हणून! ही भाषाच आधी बदलली पाहिजे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मोनोरेलवर पैसा खर्च केला, तेव्हा तिकिटांतून तो वसूल होईपर्यंत थांबा, असे कोणी म्हटले नाही. मोनोरेलसाठी दहा नव्या गाड्या घेतल्याबद्दलही आमची तक्रार नाही; घातलेला पैसा पाण्यात जाऊ नये, हे शहाणपणाचेच. परंतु ज्या तिजोरीतून त्या गाड्या आल्या त्याच तिजोरीतून, त्याच अर्थसंकल्पात, या प्रभागाच्या बसची तरतूद व्हावी. आधी रूळ पुरे होऊ द्या, बसचे मागाहून पाहू, ही टोलवाटोलवी आम्हास मान्य नाही.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली बस धावली. २०२६ हे तिच्या शताब्दीचे वर्ष. या वर्षात मिरवणुका निघतील, जुन्या गाड्या रंगवून मांडण्यात येतील, भाषणे होतील. नगरपित्यांना आमची एवढीच विनंती आहे, की शताब्दीचा एक कार्यक्रम शिवाजीनगरच्या आगारात पहाटे चार वाजता ठेवावा. मंडप नको, हारतुरे नकोत. पहिल्या लोकलला पोहोचविणारी एक बस वेळेवर सोडावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच बस पुन्हा सोडावी.